मोजणीदारांची बेटं

मोजणीदारांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. ते गेले तेव्हा जाफराबादच्या जुन्या शिक्षकमंडळींनी गळ घातली, "मास्तर, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं? चार ओळी लिहा." मी डोळ्यांचं निमित्त सांगितलं. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते निमित्त संपलं, तेव्हा हात थरथरतो म्हणू लागलो. हात थरथरत नाही. मला आता एकोणऐंशीवं चालू आहे आणि निमित्तं संपली आहेत. मोजणीदारांच्या नावावर एक चूक लागलेली आहे. ती त्यांची नव्हती, आणि हे माहीत असलेला माणूस मी एकटा उरलो आहे. पण नुसती चूक सांगून भागणार नाही. आधी माणूस सांगायला हवा.

मोजणीदार घरात, खुर्चीवर, कॉम्प्युटरसमोर बसताना पायात बूट घालत. पांढऱ्या कॅनव्हासचे, नाडी घट्ट बांधलेले. डोक्याला टोपी, शेजारी पाण्याची बाटली. जालन्यात मस्तगडला भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्यांचं त्यांचं घर. जिना चढून मी दारात पोचलो की वहिनी आतूनच म्हणत, "या भावजी. तुमचे दोस्त समुद्रावर गेलेत. चहा टाकते, येतील वापस." आणि खुर्चीतून आवाज येई, "जल्दी न्हाई यायचो. उलटं वारं सुटलंय." बुटांचं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मोजणीला अनवाणी जायचं नसतं, मास्तर. माणूस बसल्या जागी मोजायला लागला की रेघ बसल्या जागची येती."

चौतीस वर्षं त्यांनी भूमी अभिलेख खात्यात शेतं मोजली. मूळचे मंठ्याकडचे, पण नोकरी बहुतेक जाफराबाद तालुक्यात. मी तिथल्याच शाळेत भूगोल शिकवत होतो. निवृत्त होऊन दोघंही जालन्याला आलो, तेव्हा जुनी ओळख होती तिची मैत्री झाली. त्यांच्या मुलीनं पुण्याहून जुना कॉम्प्युटर पाठवला होता. तिनंच दाखवलं की जगभरची हौशी माणसं मिळून इंटरनेटवर साऱ्या पृथ्वीचा एक नकाशा काढत असतात. आकाशातून उपग्रहानं घेतलेली चित्रं समोर ठेवायची आणि त्यावरून रस्ते, घरं, नद्या रेखायच्या. कोणीही भर घालावी, कोणीही दुसऱ्याची चूक दुरुस्त करावी. मोजणीदारांनी पहिल्या आठवड्यात मंठ्याच्या गल्ल्या काढल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा हात घसरला, चित्र सरकत सरकत समुद्रात गेलं, आणि निळ्या पाण्यात त्यांना एक हिरवा ठिपका दिसला. नकाशात तिथं काहीच नव्हतं. त्यानंतर त्यांनी जमिनीवरचं काही काढलंच नाही.

लांबची, लहान, नावं नसलेली बेटं. काही तर आपल्या शाळेच्या पटांगणाएवढी. हाच नाद का, असं लोक विचारत. खरं उत्तर त्यांनी मला एकदा दिलं होतं. "मास्तर, चौतीस वर्षांत मी जिथं गेलो तिथं दोन भाऊ तोंड फिरवून उभे होते. बांधावरून. हातभर जागेपायी. साखळी टाकली की एकाची बायको रडायची, दुसऱ्याची शिव्या द्यायची. दोनदा बंदोबस्तात मोजणी केली, एकदा दगड खाल्ला. जिथं शेजारीच न्हाई, अशी एक मोजणी करायची राहून गेल्ती."

त्यांची एक लांबट वही होती. प्रत्येक बेटाला तिच्यात एक पान. वर क्रमांक, खाली अंदाजे आकार एकरात, मग जमिनीच्या कागदात लिहितात तशी चतुःसीमा. पूर्वेस समुद्र. पश्चिमेस समुद्र. दक्षिणेस समुद्र. उत्तरेस समुद्र. आणि शेवटची ओळ: हरकत कोणाची नाही. ही ओळ ते फार सावकाश लिहीत. मी पाहिलं आहे, ती लिहिताना त्यांचा चेहरा जेवून उठलेल्या माणसासारखा दिसायचा.

कामाची रीत ठरलेली. बेट सापडलं की लगेच रेघ ओढायची नाही. आधी कडेकडेनं पडद्यावरचा बाण फिरवत पूर्ण फेरा मारायचा, जसं शेतावर गेल्यावर साखळी काढण्याआधी ते धुऱ्यावरून, शेताच्या कडेनं, चालून येत तसा. कुठं वाळू, कुठं खडक, कुठं पाण्याखालचं पोवळं नुसतंच जमिनीसारखं दिसतंय, ते पाहायचं. मग त्याच जागेचं दुसऱ्या तारखेचं चित्र उघडायचं. मग तिसऱ्या. तिन्हींत दिसलं तरच बेट. या बाबतीत ते कोणाचं ऐकत नसत. "ढगाला सावली असती, बेटाला फेस असतो," ते म्हणत, "पन एका चित्रात दोघं बी सारखेच लबाड. तीन पंच पाहिजेत."

मी एकतीस वर्षं मुलांना फळ्यावर लिहून देत आलो होतो, की चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात. एकदा हे मी त्यांच्यासमोर बोललो. ते बाण थांबवून वळले. "मास्तर, तुमच्या व्याख्येत भरती-ओहोटी न्हाई. हे बघा, हे सकाळी एक बेट हाये, दुपारी दोन. मंग पोरान्ला काय शिकवलं तुम्ही?" वहिनी हसल्या. मीही हसलो. पण घरी जाताना जिना उतरता उतरता ते वाक्य मला टोचत राहिलं. मोजणीदारांनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. मुलगी कोकणात नेते म्हणाली तर म्हणाले, "किनाऱ्यावरून बेट दिसत न्हाई, नुसतं पाणी दिसतं." आणि भूगोलाचा शिक्षक असलेला मी त्यांच्याकडून समुद्र शिकत होतो. आपलं कौतुक व्हावं अशी भूक म्हाताऱ्या माणसात इतकी शिल्लक असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्यांना इंग्रजी बेताचं येई. परदेशातून कोणाचा निरोप आला की वाचून, उलगडून सांगायचं काम माझं. एकदा अशाच एका बेटावरच्या बाईनं लिहिलं, तुम्ही आमची वस्ती काढलीत, आनंद झाला, पण टोकाला दाखवलेलं अकरावं घर हे घर नाही, आम्ही तिथं नावा ठेवतो. मोजणीदार एकदम सरळ बसले. "लिहा मास्तर. माफ करा. छप्पर बघून घर समजलो. आजच्या आज दुरुस्त केलंय." मी म्हटलं, एवढं काय, तिनं कौतुकच केलंय. तर म्हणाले, "चुकलं ते चुकलं. चूक आंगावर ठेवून भाकर गोड लागती का?" आणि दुरुस्ती करून मगच चहा प्याले.

त्यांच्या थोरल्या भावाबद्दलही इथं सांगायला हवं. मंठ्याचे दादा. शेवटच्या काही वर्षांत ते माणसं ओळखेनासे झाले. आधी शेळी बांधलेली विसरले, मग न पेरलेल्या रानात पेरणी झाली म्हणून सांगू लागले, मग बायकोला पाहुणी म्हणाले. मोजणीदारांनी ते सगळं जवळून पाहिलं होतं. आपल्याला कशाची भीती वाटते हे ते सहसा बोलत नसत, पण याची वाटते हे आम्हाला ठाऊक होतं.

दादांच्या नातीचं लग्न निघालं तेव्हा ते आणि वहिनी चार दिवस मंठ्याला गेले. निघायच्या सकाळी त्यांनी दोन बेटं काढली, वहीत लिहिली, आणि अकराच्या एसटीला जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "चालू ठेवा मास्तर. हात बसू द्या." मला जुजबी काढता येत होतं. माझं वेगळं खातं मी उघडलं होतं, पण त्याचा पासवर्ड विसरलो होतो, आणि त्यांचं खातं कायम उघडंच असे. त्याच दुपारी मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. बूट नव्हते, चपलाही दाराशी काढलेल्या.

तासाभरानं दक्षिणेकडच्या अगदी रिकाम्या पाण्यात मला ते दिसलं. पांढरी कड, मध्ये हिरवट करडं, आकार भुईमुगाच्या शेंगेसारखा. मी दुसऱ्या तारखेचं चित्र उघडलं. तिथं काही नव्हतं. तिसरं उघडलं, त्यातही नाही. मी मनाशी म्हटलं, त्या दोन दिवशी वरून धुकं असेल. हे मला पटलं नव्हतं, मी ते पटवून घेतलं. कोणीही न पाहिलेली जमीन भूगोलाच्या मास्तरानं शोधली, हे मला हवं होतं. फेरा मारला नाही. रेघ ओढली, जोडली, पाठवून दिली. वहीत मात्र लिहायचं धाडस झालं नाही. ठरवलं, कोणीतरी जाणकार दुजोरा देईल, मग मोजणीदारांना सांगू आणि त्यांचा चेहरा बघू.

ते परत आले. आज सांगू, उद्या सांगू असं करता करता राहिलं, आणि खरं सांगायचं तर मी विसरूनही गेलो.

तीनेक महिन्यांनी एका सकाळी जिना चढलो तर म्हणाले, "बरं झालं आले. कायतरी लांबलचक आलंय. वाचा बरं." नकाशाचं काम तपासणाऱ्या कोणा अनुभवी माणसाचा निरोप होता. मी वाचत गेलो आणि सांगत गेलो. अमुक दिवशी आपण अमुक ठिकाणी एक बेट काढलं आहे. तिथं जमीन नाही. तो ढग आहे. आपलं काम आजवर विश्वासाचं वाटत आलं, पण आता आपली बाकीची बेटंही एकदा पाहावी लागतील. मी एकेक वाक्य नीट मराठीत सांगितलं. काही गाळलं नाही. फक्त माझं एक वाक्य त्यात घालायचं होतं, ते घातलं नाही.

मोजणीदारांनी ते ठिकाण उघडलं. शेंगेसारखी ती रेघ त्यांच्या नावानं तिथं होती. तारीख पाहिली; वेळ तिथं दिसत नव्हती. वही काढून तारीख जुळवली.

"हा तर मंठ्याला गेल्तो तो दिवस. सकाळी दोन काढले. हे तिसरं मी कधी काढलं?"

माझं खातं वेगळं आहे, मी काढलं असतं तर ते माझ्या नावानं दिसलं असतं, असं ते धरून चालले होते.

"वहीत न्हाई. तीन चित्रं बघितलेली न्हाईत. मला बिलकुल आठवत न्हाई, मास्तर." मग आवाज उतरला. "दादांचं असंच सुरू झाल्तं. न पेरलेलं पेरलं म्हणायचे."

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोला अशा नजरेनं. आणि मी बोललो. मी म्हटलं, "वय झालं, मोजणीदार. होतंच असं."

हे वाक्य मी का बोललो, याचा विचार मी अनेक वर्षं केला आहे. लाज होती, ते खरं. ढगाला बेट म्हटल्याची आणि ते चोरून केल्याची. पण गप्प राहून ती झाकता आली असती. हे बोलायची गरज नव्हती.

त्यांनी ती रेघ पुसली, आणि मला सांगून उत्तर लिहवून घेतलं. "चूक माझीच, बाकीचं सगळं पुन्हा तपासतो." मग दोन महिने ते रोज बसले. चारशेच्या वर बेटं होती. प्रत्येकाला पुन्हा फेरा, पुन्हा तीन चित्रं, आणि वहीतल्या पानावर बारीक खूण. मी शेजारी बसत असे. मधूनच ते विचारत, "बघा बरं मास्तर, ही कड बराबर हाये का? माझ्या नजरेचा भरोसा न्हाई आता." मी पुढं वाकून पाहत असे आणि म्हणत असे, बराबर आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला विचारत होते. मला ते आवडत होतं. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

चारशे बेटांत एकही चूक निघाली नाही. मला वाटलं, आता सुटले. मी तसं म्हणालोही. "बघा, उगाच घाबरलात."

"तेच तर," ते म्हणाले. "चार-दोन ठिकाणी हात चुकला असता तर म्हणलो असतो, नजर कमी झाली. बाकी सगळं बराबर आन् एक बेट शून्यातून आलेलं. हे नजरेचं न्हाई मास्तर. डोक्याचं हाये. म्हणून भीती वाटून राह्यली." त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट खाटेखाली सरकवले. "जो न्हाई ते बघतो त्यानं साखळी खाली ठेवावी. कोणाची तरी हद्द चुकायची." त्यानंतर त्यांनी एकही बेट काढलं नाही.

पण ते तिथं थांबलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी स्कूटर भाच्याला देऊन टाकली. बाजारात एकटं जाणं बंद केलं. गॅस बंद केलाय ना, हे वहिनींना तीनतीनदा विचारू लागले. मुलीनं संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, मीही सोबत गेलो होतो. त्यांनी तपासून सांगितलं, काका ठणठणीत आहेत, स्मरण माझ्यापेक्षा चांगलं आहे. मोजणीदार बाहेर येऊन मला म्हणाले, "डॉक्टर भला माणूस हाये. दादान्ला बी पहिल्यांदा असंच म्हणले होते." डॉक्टरवर त्यांचा विश्वास बसेना, कारण त्यांच्याकडे पुरावा होता. तो पुरावा मी त्यांना दिला होता.

वर्षभरात त्यांनी मस्तगडचं घर सोडायचं ठरवलं. मुलीकडे, पुण्याला. "हिला माझ्या मागं पळावं लागू नये," असं म्हणाले. सामान बांधायला मी गेलो होतो. वहिनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, खरं सांगा, तुम्हाला यांच्यात कधी फरक दिसला? मला तर एक दिवस दिसला न्हाई. एवढं एक बेट सोडलं तर." मी डब्यांना सुतळी बांधत होतो. खाली मान घालून म्हटलं, "तसं दिसून येत नाही, वहिनी." वहिनींना जालना सोडायचं नव्हतं. माझं एक वाक्य त्यांना तिथं ठेवू शकलं असतं.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. पत्र लिहिलं, फाडलं. शेवटी दोन वर्षांनी पुण्याला गेलो, सांगायचं या एकाच कामासाठी. जालना ते पुणे बसमध्ये वाक्य पाठ केलं. जुळवाजुळव नको, कारणं नकोत, सरळ दोन वाक्यं. आमची ती शेवटची भेट होती, हे तेव्हा माहीत नव्हतं.

मुलीचं घर सातव्या मजल्यावर. मोजणीदार गॅलरीत खुर्चीवर बसले होते, अनवाणी. मला पाहून उठलेच. तब्येत चांगली, बोलणं स्वच्छ, जाफराबादच्या चार माणसांची नावं घेऊन चौकशी केली. चुकूनही एक नाव इकडचं तिकडं झालं नाही. मी म्हटलं, "मोजणीदार, मला एक बोलायचंय."

"थांबा, आधी हिला भेटा." त्यांनी कॉलेजात जाणाऱ्या नातीला हाक मारली. "हे बघ, हे मास्तर. ज्यांचं मी सांगतो ते. माझं डोकं बिघडायला लागलं ना, तव्हा सगळे म्हणायचे कायी न्हाई, कायी न्हाई. डॉक्टर, तुझी आजी, तुझी आई, सगळे खोटा धीर देऊन राह्यले होते. हा एकच माणूस खरं बोलला. म्हणला, वय झालं, होतंच असं. कुणी दुसरा असता तर हसला असता. यांनी दोन महिने शेजारी बसून माझी एकेक रेघ तपासली. पाया पड."

ती वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काय आशीर्वाद दिला ते आठवत नाही.

मग चहा झाला, जेवण झालं. वहिनींनी भाकरी आणि ठेचा केला होता. मी दोन तास बसलो. मोजणीदार मला सोडायला लिफ्टपर्यंत आले. बटण त्यांनी दाबलं आणि माझ्याकडे वळले.

"मास्तर, तुम्ही कायतरी सांगायला आल्ते. मगाशी म्हणले होते."

"नाही, सहज," मी म्हटलं. "सहजच आलो होतो."

"मंग बरं. येत जा."

लिफ्टचं दार लागलं. सातव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत मी ते म्हटलं, पाठ केलं होतं तसंच, एकही शब्द न चुकता. मोजणीदार, ते बेट तुम्ही काढलं नव्हतं, मी काढलं होतं. मला माफ करा. लिफ्टमध्ये मी एकटाच होतो.